डबे भरले, स्टॉकबुकं रिकामी: टपाल तिकिटांच्या खरेदीला आवर कसा घालायचा?

रिकामा_अल्बम:
आवक अशी: महिन्याला साधारण पाव किलो मिक्स्चर (वजनावर मिळणारी मिसळ तिकिटं, कागदासकट), व्हॉट्सॲप लिलावातल्या दोन-तीन पुड्या, आणि फिलाटेलिक डिपॉझिट अकाउंटमधून (पोस्टात आगाऊ पैसे भरून ठेवायचं खातं) आपोआप येणारी नवी तिकिटं. निपटारा: आठवड्याला जेमतेम दोन तास.

साठा असा: कागदासकट सुमारे तीन किलो. धुतलेली पण न लावलेली तिकिटं, बुटांची चार खोकी. दुसऱ्यांचे अख्खे घेतलेले दोन जुने अल्बम. आणि भारताचं एक स्टॉकबुक (पट्ट्यांत तिकिटं खोचायची वही), जे १९४७ला सुरू होऊन १९५५ला थांबलं आहे.

दोन प्रश्न आहेत. लावून होईपर्यंत खरेदी पूर्ण बंद करावी, की थोडी चालू ठेवावी? आणि लावायचं तर कुठल्या क्रमाने, म्हणजे पहिल्याच खोक्यात सहा महिने जाणार नाहीत? "मनावर ताबा ठेवा" सोडून काहीही सांगा.

चहाबरोबर:
चारच खोकी? मग अजून वेळ आहे. (हलके घ्या.)

सौ_ग्रॅम:
वाचतोय. इकडे पाच.

अर्धा_आणा:
तुमचा दुसरा प्रश्न आधी घेतो, कारण तो सुटला की पहिला निम्मा सुटतो.

आधी आकडेमोड. पाव किलोत किती तिकिटं ते अंदाजाने धरू नका. स्वयंपाकघरातल्या डिजिटल काट्यावर कागदासकट पन्नास तिकिटं मोजून ठेवा, ग्रॅम बघा, त्रैराशिक मांडा. पाकिटाचा कागद जाड असेल तर संख्या खूप घटते. समजा आठशे निघाली. नुसती देशवार टाकायला एका तिकिटाला तीन सेकंद धरले तर चाळीस मिनिटांत काम संपलं. तेच प्रत्येकाचा कॅटलॉगमधला (तिकिटांच्या छापील सूचीतला) नंबर शोधायला दोन मिनिटं धरा. १,६०० मिनिटं, म्हणजे साडेसव्वीस तासांहून जास्त. तुमच्या आठवड्याला दोन तासांच्या हिशोबाने तीन महिने. महिन्याची आवक लावायला तीन महिने लागत असतील तर डोंगर वाढणारच, त्यात तुमचा आळस नाही.

चूक बहुतेकांची एकच असते. पहिलं तिकीट हातात आलं की कॅटलॉग उघडायचा. तो उघडायचाच नाही. फेऱ्या वेगळ्या ठेवा:

पहिल्या फेरीत फक्त देश. ओळखता न आलेलं "कोण हा?" डब्यात, त्यावर दहा सेकंदही घालवायचे नाहीत. फाटलेलं, कोपरा गेलेलं, शिक्क्याने काळं झालेलं साधं तिकीट इथेच बाद.

दुसऱ्या फेरीत फक्त तुम्ही जमवता ते देश, आणि तेही काळानुसार. भारतासाठी पाच पाकिटं पुरतात: व्हिक्टोरिया राणी आणि सातवा एडवर्ड, पाचवा जॉर्ज, सहावा जॉर्ज, १९४७ ते मार्च १९५७ (आणे), आणि १ एप्रिल १९५७ नंतरचं सगळं (पैसे). संस्थानं, सर्व्हिस (सरकारी टपालाची) आणि रेव्हेन्यू (महसुली) यांचं प्रत्येकी वेगळं पाकीट. कोर्ट फीची तिकिटं रेव्हेन्यूमध्ये टाका, पोस्टाच्या ढिगात शिरू देऊ नका.

तिसऱ्या फेरीत कॅटलॉग. ती फेरी एका वेळी एकाच पाकिटाची.

खरेदीबद्दल: दुसरी फेरी पूर्ण होईपर्यंत मिक्स्चर बंद. बाकी चालू ठेवलं तरी चालेल.

टीपकागद:
अर्धा_आणा यांना +१, पण एक पायरी राहिली. तीन किलो कागदासकट आहे तर ते आधी भिजवू नका! भिजवण्याआधीच देशवार करा. सुकं तिकीट कागदासकट हाताने उचलता येतं, चिमटा लागत नाही, वेग दुप्पट. आणि जे देश नको आहेत ते कागदासकटच दुसऱ्याला देता येतात. धुण्याचे कष्ट वाचतात, घेणाऱ्यालाही तो माल तसाच आवडतो.

भिजवताना:

लाल, हिरव्या, जांभळ्या पाकिटांचे तुकडे आधीच वेगळे काढा. रंगीत कागद पाण्यात रंग सोडतो आणि शेजारची पन्नास तिकिटं गुलाबी होतात. त्यांना वेगळी वाटी, एकेक करून. खाकी सरकारी पाकिटंही पाणी पिवळट करतात, ती शेवटी.

कात्रीने कागद कापताना दात्यांपासून निदान पाच मिलिमीटर लांब. साधं गार पाणी, उथळ ट्रे, तिकीट वर आणि कागद खाली. पंधरा ते तीस मिनिटं. तिकीट आपोआप घसरून सुटलं पाहिजे. ओढलं की मागचा थर निघतो आणि पातळ डाग राहतो, मग त्या तिकिटाला किंमत नाही. सुटल्यावर दुसऱ्या स्वच्छ पाण्यात मागून बोट फिरवून उरलेला गोंद काढा. हे टाळलं की वाळताना तिकीट टीपकागदाला पुन्हा चिकटतं. मग छापील बाजू खाली करून टीपकागदावर. ऐंशी टक्के वाळलं की जाड वहीत घालून वर वजन, रात्रभर. पूर्ण वाळू दिलं तर पापडासारखं वळतं.

एका बैठकीत दीडशेच्या वर नको. वाळवायला जागा पुरत नाही, आणि ओली तिकिटं एकमेकांवर आली की कपाळाला हात.

वर्तमानपत्र वापरू नका, शाई उतरते.

चहाबरोबर:
जाता जाता, इडलीपात्र हे फार छान वर्गीकरण यंत्र आहे. चार ताटल्या, सोळा खळगे, सोळा देश. आप्पेपात्र मात्र नको. खळगे खोल, चिमटा तिरपा जातो.

टीपकागद:
@चहाबरोबर, हसू नका, बरोबर आहे तुमचं. फक्त ताटली कोरडी ठणठणीत आणि तेलाचा हात न लागलेली हवी. आणि पंखा बंद. हे वाक्य प्रत्येक धाग्यात पुन्हा लिहावं लागतं.

भिंगवाला:
अर्धा_आणा यांच्याशी असहमत. "दुसऱ्या फेरीत फक्त काळानुसार" या नियमाने हातातली खरी मजा निघून जाते. पाचव्या जॉर्जचा एक आणा चॉकलेटी घ्या. १९२२पासूनचा डी ला रू छपाईचा, त्यात वॉटरमार्क (कागदातच दडलेली खूण) म्हणून एका तिकिटाला एक तारा. नाशिकच्या छापखान्यात १९२६पासून छापलेल्यात अनेक ताऱ्यांचा वॉटरमार्क. रंग तोच, दिसायला जवळजवळ तेच. हे पाहिल्याशिवाय स्टॉकबुकात लावलंत तर पुन्हा सगळं उपसावं लागेल. मग लगेच का पाहू नये?

अर्धा_आणा:
@भिंगवाला, तुम्ही माझाच मुद्दा सिद्ध करताय. शंभर चॉकलेटी आणे एकत्र जमल्यावर वॉटरमार्कचा ट्रे एकदा काढायचा, खिडकी एकदा उघडायची, लायटर फ्लुइडची बाटली एकदा उघडायची. तिकीट मिळेल तसं एकेक तपासलं तर ट्रे शंभर वेळा. काम तेच, फक्त गठ्ठ्याने.

नकाशाच्या मालिकेचंही तेच. १९५७ची नये पैसे नकाशा मालिका तारे असलेल्या कागदावर आहे आणि १९५८पासून अशोकस्तंभाच्या वॉटरमार्कवर. सगळे नकाशे एका पाकिटात, दर्शनी किमतीप्रमाणे लहान गड्ड्या, मग एका संध्याकाळी सगळ्यांचा निकाल.

भिंगवाला:
मान्य, पण एक अट. काही फरक डोळ्यांनीच दिसतात, ते दुसऱ्या फेरीतच वेगळे करा. १९४९च्या पुरातत्त्व मालिकेतला एक आण्याचा बोधिसत्त्व आरशातल्यासारखा उलटा छापला होता, १९५०मध्ये तो सुलटा करून पुन्हा काढला. मूर्ती कुठल्या बाजूला आहे हे बघायला ना ट्रे लागतो ना फ्लुइड. १९७१च्या निर्वासित साहाय्याची पाच पैशांची तिकिटं पण. वर जादा मजकूर छापलेलं प्रत्येक तिकीट वेगळं, कारण स्थानिक पातळीवर ठिकठिकाणी वेगवेगळ्या अक्षरांत ते छापून घेतलं गेलं. ते लावायला वेगळी वही लागते, आणि त्यातली बनावट ओळखायला वेगळा जन्म.

वॉटरमार्कबद्दल सांगूनच टाकतो, कारण पुढे कुणी तरी विचारेलच. काळी काचेची किंवा चिनी मातीची ताटली, तिकीट पालथं, लायटर फ्लुइडचे तीन-चार थेंब. काही सेकंद वॉटरमार्क गडद दिसतो. पालथं आहे म्हणून चित्र उलटं दिसतं, गोंधळू नका. तिकिटावरचा कागदाचा आणि हिंजचा (अल्बमात तिकीट चिकटवायच्या कागदी पट्टीचा) तुकडा पूर्ण निघालेला हवा, नाहीतर तुम्ही हिंजचीच सावली बघाल. जवळ गॅस, उदबत्ती, सिगरेट नको. फोटोग्रॅव्ह्युअर छपाईची काही तिकिटं पेट्रोलजन्य द्रवात शाई सोडतात, म्हणून आधी दुय्यम प्रतीवर करून बघा. अशोकस्तंभाचा वॉटरमार्क तर बऱ्याचदा नुसता दिव्यासमोर धरला तरी दिसतो.

सौ_ग्रॅम:
आणि छिद्रं? दात्यांची मोजणी कुठल्या फेरीत?

भिंगवाला:
तिसऱ्या. मोजमाप म्हणजे दोन सेंटीमीटरमध्ये किती छिद्रं. आधी आडव्या कडेचा आकडा, मग उभ्या. १४ बाय १३½ असं. एकच आकडा दिला असेल तर चारही बाजू सारख्या. प्लास्टिकची पट्टी घ्या, पुठ्ठ्याची दमट हवेत फुगते आणि अर्ध्या दात्याचा फरक दाखवते.

लीड्सवाला:
इकडचा माल ज्यांच्याकडे येतो त्यांच्यासाठी. ब्रिटनच्या तिकिटावर देशाचं नाव नसतं, राजा-राणीचं डोकं असतं, त्यामुळे "कोण हा?" डबा त्यानेच भरतो. "माग्यार" म्हणजे हंगेरी, "हेल्वेशिया" म्हणजे स्वित्झर्लंड, "सुओमी" फिनलंड, "स्वेरिये" स्वीडन, "श्किपेरिया" अल्बानिया, "ह्र्वात्स्का" क्रोएशिया. ही यादी इडलीपात्राजवळ चिकटवून ठेवा.

दुसरं, मशिन मालिका, म्हणजे एलिझाबेथ राणीचं डोकं असलेली ब्रिटनची रोजची तिकिटं (मशिन हे शिल्पकाराचं नाव). १९६७पासूनचं एकच डोकं, शेकडो छटा, फॉस्फरच्या एक किंवा दोन पट्ट्या, १९९३पासून कडेला लंबगोल छिद्र, २००९पासून सुरक्षेसाठी लहान अक्षरांचे कोड. यात शिरलात की बाहेर येणं नाही. भारत जमवणाऱ्याने मशिन फक्त दर्शनी किमतीप्रमाणे गड्ड्या करून रबर न लावता पाकिटात ठेवावेत आणि विसरावे. रबराने दाते दुमडतात.

तिसरं, स्वतःचा गोंद असलेली तिकिटं. अमेरिकेची २००४नंतरची बरीचशी आणि ब्रिटनची अलीकडची पाण्यात सुटत नाहीत. त्यांत पाण्याने विरघळणारा थरच ठेवलेला नाही. तीन तास भिजवून मग ओरबाडू नका. पाच मिलिमीटर कागद ठेवून चौकोनी कापा आणि तसंच जमवा. संत्र्याच्या तेलाच्या द्रावणाने सुटतात, पण नंतर टाल्कम लावून पुसावं लागतं आणि हजार तिकिटांसाठी हा उद्योग कुणी करू नये.

गोंद_न_लावलेले:
अहो, सगळे "कसं लावायचं" सांगताहेत. प्रश्न "विकत घेणं कसं थांबवायचं" हा होता.

सरळ सांगतो. मिक्स्चर विकत घेणं म्हणजे संग्रह करणं नाही, लॉटरी खेळणं. त्यात नव्वद टक्के माल असा येतो की एका पुडीतला दुसऱ्या पुडीत शोभावा. हंगेरी, पोलंड, रोमेनियाची ऑर्डरप्रमाणे शिक्का मारलेली तिकिटं (मागे गोंद तसाच, शिक्का मात्र कोपऱ्यात सुबक), अजमान, फुजैरा, उम्म अल् कुवेनची साठच्या-सत्तरच्या दशकातली चकचकीत चित्रं. ही पुन्हा पुन्हा तीच येतात, कारण पॅकेट भरायला तीच स्वस्त पडतात. पाच पुड्या झाल्या की सहावीत काय असेल ते आधीच ठाऊक असतं, तरी लोक घेतात.

यादीशिवाय एक रुपया खर्च करायचा नाही, एवढा एकच नियम पाळा.

सौ_ग्रॅम:
पण यादी बनवायला आधी लावलेलं हवं ना! काय नाही हे काय आहे यावरूनच कळणार. हेच तर दुष्टचक्र.

अर्धा_आणा:
@सौ_ग्रॅम, बरोबर पकडलंत. म्हणून संपूर्ण संग्रहाची यादी करायला बसू नये. एक तुकडा निवडा. उदाहरणार्थ स्वातंत्र्यानंतरची पहिली तिकिटं: २१ नोव्हेंबर १९४७ला साडेतीन आण्याचा तिरंगा "जय हिंद", १५ डिसेंबरला दीड आण्याचा अशोकस्तंभ आणि बारा आण्याचं विमान. तीन तिकिटं. १५ ऑगस्ट १९४८ची गांधीजींची चार: दीड, साडेतीन, बारा आणे आणि दहा रुपये, स्वित्झर्लंडमध्ये छापलेली. मग १९४९ची पुरातत्त्व मालिका, सोळा किमती. तेवढ्याचीच एक पानाची यादी, पेन्सिलीने, "आहे / हवं / चांगली प्रत हवी" असे तीन रकाने. एक पान पूर्ण झालं की पुढचं पान. खरेदी फक्त उघड्या पानाची.

मग लिलावात पाचव्या जॉर्जची पुडी आली तरी ती तुमच्या पानावर नाही. पुढे जाऊ द्या. ती पुडी महिन्याभरात पुन्हा येते, नाव बदलून.

पणजीवाला:
मी गोंद_न_लावलेले यांच्या उलट बाजूला. खरेदी पूर्ण थांबवली की लावायचाही उत्साह जातो. आवक बदला, बंद करू नका. कुणाचा तरी आधीच लावलेला अल्बम किंवा एकाच प्रदेशाचा संग्रह घ्या. लावण्याचं निम्मं काम आधीच्या मालकाने केलेलं असतं.

पण पोर्तुगीज इंडियाच्या १८७१च्या पहिल्या तिकिटांना या नियमातून वगळा. सुरुवातीची स्थानिक छपाई, कागदांचे प्रकार, छिद्रांचे प्रकार, आणि पुढे १८८१-८२मध्ये त्यांवर मारलेले किमतीचे अगणित छापे. लावलेला अल्बम म्हणून घ्यावा आणि घरी आल्यावर कळावं की आधीच्याने सगळं चुकीचं लावलंय. तिकडे विशेष कॅटलॉगशिवाय हात घालू नये. नवख्याला उत्तरकाळातली, रुपयांतून सेंटाव्हो-इस्कुदोत आलेली तिकिटं पुरतात.

कृष्णाकाठ:
जुने दोन अल्बम अख्खे घेतलेत असं लिहिलंय, त्याबद्दल सावधान! त्यात संस्थानी तिकिटं असतील तर पाण्यात घालू नका. काश्मीरची १८६६पासूनची बरीचशी जलरंगांत छापलेली आहेत, पाण्याचा थेंब लागला की रंग वाहतो. भोर संस्थानची १८७९ची अर्धा आणा आणि एक आणा हाताने ठसे मारलेली, छिद्रांशिवाय, गोंदाशिवाय, देशी कागदावर. ती कुणी तरी खळीने चिकटवलेली असतील आणि "भिजवून काढू" असा मोह होईल. नको. पान कापून तिकिटासकट ठेवा.

तसंच, अख्खं पाकीट किंवा पोस्टकार्ड असेल तर त्यावरचं तिकीट कापू नका. १९४७पूर्वीचं, सेन्सॉरचा शिक्का असलेलं, आर.एम.एस.चा (रेल्वे टपाल सेवेचा) शिक्का असलेलं पाकीट त्यावरच्या तिकिटापेक्षा जास्त बोलतं. छापील तिकीट असलेलं पोस्टकार्ड तर कापलं की संपलंच.

सिंध डाक (सिंध प्रांताचं जुनं तिकीट) सापडला तर आनंदाने उड्या मारण्याआधी समजा की नक्कल आहे. १८५२ची ती नक्षी नकली करणाऱ्यांची जुनी आवड आहे.

चहाबरोबर:
म्हणजे भिजवायचं काय, हे समजलं: मोजे.

सौ_ग्रॅम:
अवांतर: चंदनाच्या वासाचं तिकीट (२००६) धुतलं तर वास राहतो का?

टीपकागद:
राहत नाही, आणि मुळात धुवायचंच कशाला? चंदन २००६, गुलाब २००७, जास्मिन २००८, ही कोरी किंवा प्रथम दिवस आवरणावरच (तिकीट निघाल्या दिवसाच्या शिक्क्याच्या पाकिटावरच) ठेवायची. २०११चं खादीवरचं गांधीजींचं तिकीट तर कापडच आहे, ते पाण्यापासून लांब. वासाची तिकिटं स्टॉकबुकात इतरांबरोबर ठेवू नका, वेगळ्या पॉलिप्रॉपिलीनच्या पाकिटात. पी.व्ही.सी.च्या मऊ पाकिटात तर कुठलंच तिकीट नको. काही वर्षांनी ते तेलकट होऊन शाई ओढून घेतं.

पावसाळी_बुरशी:
एवढं सगळं वाचलं, पण महाराष्ट्रात राहून कुणी पावसाळ्याचा उल्लेख केला नाही याचं आश्चर्य वाटलं.

जून ते सप्टेंबर भिजवणं बंद. तिकिटं वाळत नाहीत, वहीत अर्धवट ओली जातात आणि ऑगस्टमध्ये तपकिरी ठिपके. ठिपके आलेलं तिकीट ताबडतोब वेगळं, ती बुरशी आहे, शेजारच्याला लागते. रसायनांनी ठिपके घालवायचे उपाय नेटवर सापडतील, ते करू नका. ठिपका फिका होतो, रंगही फिका होतो, आणि विकताना घेणारा ते ओळखतो.

म्हणजेच लावण्याच्या कामाचे दोन मोसम होतात. ऑक्टोबर ते मे भिजवणं. पावसाळ्यात कोरडी पहिली-दुसरी फेरी, तीही दुपारी, आकाश जरा उघडलं असताना.

स्टॉकबुकं उभी ठेवा, आडवी रचली की वजनाने कोरी तिकिटं पट्टीला चिकटतात. भिंतीला टेकवू नका. कपाटात सिलिका जेल, निळी गुलाबी झाली की बदला किंवा मंद आचेवर कोरडी करा. दर महिन्याला स्टॉकबुक उघडून पाच मिनिटं पानं चाळायची. तेवढंच वारं पुरतं.

कोरी तिकिटं एकमेकांना चिकटलीच तर घामपेटी: घट्ट झाकणाचा डबा, तळाला ओला स्पंज, त्यावर जाळी, जाळीवर तिकिटं. पाणी तिकिटाला लागता कामा नये. बारा ते चोवीस तास. मध्ये मध्ये बघा. गोंद मात्र पहिल्यासारखा राहत नाही.

लीड्सवाला:
तुमच्याकडे पाऊस चार महिने. इथे बारा. जौदे.

गोंद_न_लावलेले:
मूळ प्रश्नाकडे या राव. डिपॉझिट अकाउंटचं काय करायचं? तीच खरी गळती. कुणाला लक्षातही येत नाही कारण खरेदी आपण करतच नाही, ती होते.

अर्धा_आणा:
हो, हा मुद्दा महत्त्वाचा. किमान २०० रुपये भरून खातं उघडता येतं आणि अर्जात काय किती हवं ते लिहून द्यायचं असतं: कोरी तिकिटं, शीटलेट (तिकिटांचा छोटा ताव), मिनिएचर शीट (सजवलेल्या कडांचा तिकिटांचा लहान ताव), प्रथम दिवस आवरण, माहितीपत्रक. बरेच जण उत्साहात सगळ्यावर खूण करतात. खातं बंद करू नका, पुन्हा लिहून द्या: फक्त कोरी तिकिटं, प्रत्येकी एक. शीटलेट आणि मिनिएचर शीटवर फुली. ती नंतर बाजारात बऱ्याचदा दर्शनी किमतीच्या आसपास किंवा खालीही मिळतात, घाई नाही.

नवी तिकिटं ही एकच अशी आवक आहे जी लावायला सोपी. वर्ष ठाऊक, क्रम ठाऊक, दोषही नाही. महिन्याला दहा मिनिटांचं काम. ते झालंच पाहिजे, कारण ते राहिलं की वर्षाअखेरीस पाकिटांचा गठ्ठा होतो आणि तो जुन्या ढिगाशी जाऊन मिळतो.

कृष्णाकाठ:
घरात सहावी ते नववीतलं मूल असेल तर त्याच्या नावाचं खातं बंद करण्याआधी विचार करा. टपाल खात्याच्या दीनदयाल स्पर्श योजनेची वर्षाला ६,००० रुपयांची शिष्यवृत्ती आहे, तिला शाळेच्या फिलाटेली क्लबचं सदस्यत्व किंवा स्वतःचं डिपॉझिट अकाउंट लागतं. आणि मुलांना एक खोकं पहिल्या फेरीला द्या. अक्षरं ओळखून देश लावायला ती मोठ्यांपेक्षा वेगवान असतात. फक्त चिमटा धरायला शिकवा, बोटांना घाम असतो. टोकदार चिमटा नको, चपट्या टोकाचा.

भिंगवाला:
दुय्यम प्रतींबद्दल कुणी बोललं नाही. ढीग वाढतो तो मुख्यतः त्यांनी. नियम: एक कोरं, एक वापरलेलं, आणि शिक्क्यावरची तारीख किंवा गाव स्वच्छ वाचता येत असेल तर आणखी एक. बाकी सगळी दुय्यम. शंभर-शंभर ग्रॅमच्या पुड्या करून लिलावात टाका किंवा अदलाबदलीला. "पुढे कधी तरी छटा तपासू" म्हणून ठेवलेल्या दुय्यम प्रती तपासल्या जात नाहीत. छटा तपासायच्याच असतील तर एकाच दिवसाच्या प्रकाशात, खिडकीजवळ, पिवळ्या बल्बखाली नाही.

पणजीवाला:
भिंगवाला छटांबद्दल "तपासू नका" म्हणतोय! दिवस लिहून ठेवा.

भिंगवाला:
मी म्हटलं दुसऱ्यांनी तपासू नयेत.

रिकामा_अल्बम:
सगळ्यांचे आभार, वाचनखूण साठवली आहे. तर ठरवलंय ते असं, चुकत असेल तर सांगा:

मिक्स्चर बंद, तीन किलो कागदासकट देशवार होईपर्यंत. नको ते देश न धुता देऊन टाकणार. लिलावाचे तीन ग्रुप म्यूट. एकच पान उघडं: १९४७ ते १९४९, तीन अधिक चार अधिक सोळा, तेवीस तिकिटं. खरेदी फक्त त्याची. डिपॉझिट अकाउंटमध्ये फक्त कोरी तिकिटं. जुने अल्बम तसेच राहतील, पाणी नाही. भिजवणं ऑक्टोबरपासून.

ग्लासिनच्या (गुळगुळीत, अर्धपारदर्शक कागदाच्या) पाकिटांवर तिकिटं आत घालण्याआधी पेन्सिलीने लिहायचं, हे धाग्यात नव्हतं पण आता समजलं. आत घातल्यावर लिहिलं तर पेन्सिलीचा दाब तिकिटावर उमटतो. आणि प्रत्येक डब्यावर तो कधी उघडला त्याची तारीख.

गोंद_न_लावलेले:
बोधिसत्त्वाचा सुलटा धरला तर चोवीस.

अर्धा_आणा:
योजना चांगली. दोन दुरुस्त्या. एक, म्यूट केलेले ग्रुप उघडेच राहतात, रात्री अकराला अंगठा तिकडे जातोच. ग्रुपमधून बाहेर पडा, दोन महिन्यांनी परत घेतात. दोन, डब्यावर तारीख लिहू नका, वजन लिहा. दर आठवड्याला काट्यावर ठेवा. तारखेने फक्त अपराधी वाटतं, ग्रॅम मात्र कमी होताना दिसतात.

सौ_ग्रॅम:
आणि रविवारी पुण्याचा जुना बाजार?

गोंद_न_लावलेले:
तेवीस तिकिटांची यादी खिशात आणि पाकिटात शंभर रुपये. बुधवारी पण भरतो, तेव्हा ऑफिसला जा.

चहाबरोबर:
@अर्धा_आणा, वजन डब्यासकट की डबा सोडून?

अर्धा_आणा:
डबा सोडून. झाकणावर रिकाम्या डब्याचंही लिहून ठेवा.